उत्तर ध्रुवाजवळच्या दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढायचा?

नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांवर लाँगइयरब्येन नावाचं गाव आहे आणि अलास्काच्या उत्तर टोकाला उत्किआगविक. दोन्ही गावांना विमानतळ आहेत आणि दोन्हीकडे प्रवासी जेट विमानं नियमित उतरतात. भिंतीवरच्या जगाच्या नकाशात पाहिलं तर एक गाव मध्याच्या जरा उजवीकडे, वरच्या कडेला चिकटलेलं, तर दुसरं पार डाव्या कोपऱ्यात. मध्ये ग्रीनलंड, सगळा कॅनडा आणि अर्धा अलास्का. कुणालाही वाटेल की यांच्यामध्ये अर्ध्या जगाचं अंतर असणार.

प्रत्यक्षात ते सुमारे ३,३८० किलोमीटर आहे. जेट विमानाला साडेचार तासांचं काम. तरीही आज तिकीट काढून एका गावातून दुसऱ्या गावी जायचं ठरवलं तर दोन-तीन दिवस सहज मोडतात. ‘किती दूर’ आणि ‘किती वेळ’ हे दोन प्रश्न आर्क्टिकमध्ये एकमेकांपासून इतके लांब गेलेले आहेत की ते वेगवेगळेच सोडवावे लागतात. दोन्ही कसे सोडवायचे ते इथे पायरीपायरीने सांगतो. लागणार काय, तर पृथ्वीगोल, दोरा आणि साइन-कोसाइनची बटणं असलेला साधा कॅल्क्युलेटर. मोबाइलमधला चालतो, आडवा धरला की बहुतेक फोनांत ती बटणं दिसतात.

पायरी १ : विमानतळाचा नेमका ठिकाणा

आधी अक्षांश-रेखांश. ते गावाचे नकोत, विमानतळाचे हवेत. मोठ्या अंतरात चार-पाच किलोमीटरांनी काही बिघडत नाही, पण आर्क्टिकमधली पुष्कळ उड्डाणं शंभर-दोनशे किलोमीटरांची असतात. तिथे हा फरक जाणवतो.

लाँगइयरब्येन विमानतळ : ७८.२४६ उत्तर, १५.४६६ पूर्व.
उत्किआगविक विमानतळ : ७१.२८५ उत्तर, १५६.७६६ पश्चिम.

नावांच्या बाबतीत सावध राहा. उत्किआगविकचं नाव २०१६ सालापर्यंत बॅरो होतं. त्या वर्षी गावकऱ्यांनी मतदान करून आपलं जुनं, तिथल्या मूळ रहिवाशांच्या इन्युपिआक भाषेतलं नाव परत घेतलं. विमानतळाचा तीन अक्षरी कोड मात्र जुन्या नावावरूनच आहे, बीआरडब्ल्यू. त्यामुळे जुन्या तक्त्यात बॅरो, नव्या तक्त्यात उत्किआगविक आणि विमानतळाच्या पाटीवर वायली पोस्ट आणि विल रॉजर्स यांची नावं, असं सगळं एकाच जागेबद्दल असतं. वैमानिक पोस्ट आणि विनोदी कलाकार रॉजर्स हे दोघे १९३५ साली याच गावाजवळ विमान अपघातात गेले.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. पश्चिम रेखांश कॅल्क्युलेटरात उणे घालायचे. मी पहिल्यांदा हेच गणित केलं तेव्हा उणे चिन्ह राहिलं आणि उत्तर आलं सुमारे ३,२०० किलोमीटर. खऱ्या उत्तराच्या इतकं जवळ, की चूक माझ्या लक्षातच आली नाही. प्रत्यक्षात मी सैबेरियाच्या उत्तरेला, समुद्रातल्या एका बिंदूपर्यंतचं अंतर काढून बसलो होतो. आपल्याकडे मुंबई-नागपूरचं अंतर काढताना असं होत नाही, कारण सगळं पूर्वेलाच आहे. आर्क्टिकमध्ये दर दुसऱ्या जोडीत एक पूर्वेचा आणि एक पश्चिमेचा निघतो. एक पूर्व आणि एक पश्चिम असेल तर रेखांशांची बेरीज करायची, दोन्ही एकाच बाजूचे असतील तर वजाबाकी. बेरीज १८० च्या पुढे गेली तर ती ३६० मधून वजा करायची, कारण दुसऱ्या बाजूने रस्ता जवळचा पडतो.

आपल्या जोडीसाठी : १५.४६६ + १५६.७६६ = १७२.२३२ अंश. म्हणजे ही दोन गावं ध्रुवाच्या जवळजवळ समोरासमोर बसलेली आहेत.

पायरी २ : भिंतीवरचा नकाशा बाजूला ठेवा

शाळेत आपण जो आयताकृती नकाशा पाहतो तो बहुतेक वेळा मर्केटर पद्धतीचा किंवा तिच्या जवळपासचा असतो. त्यात सगळे रेखांश एकमेकांना समांतर, उभे काढलेले असतात. खऱ्या पृथ्वीवर ते ध्रुवाकडे जाताना जवळ जवळ येत शेवटी एका बिंदूत मिळतात. मुंबईच्या अक्षांशावर दोन लगतच्या रेखांशांमध्ये सुमारे १०५ किलोमीटर असतात. उत्किआगविकला तेच अंतर ३६ च्या आत येतं आणि लाँगइयरब्येनला २३ च्याही खाली. नकाशा मात्र तिन्ही ठिकाणी सारखीच रुंदी दाखवतो. म्हणून ७५-७६ अक्षांशावर मर्केटर नकाशात अंतरं चौपट फुगलेली दिसतात आणि क्षेत्रफळ सोळापट. ध्रुव तर त्या नकाशात मावतच नाही, तो काढायचा तर कागद अनंत उंच लागेल. आपल्या जोडीमधला सरळ रस्ता ध्रुवाच्या अगदी शेजारून जातो, म्हणजे ज्या नकाशावर आपण अंतराचा अंदाज बांधतो त्या नकाशावर तो रस्ता काढताच येत नाही.

पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचं एक टोक स्वालबार्डवर, दुसरं अलास्काच्या टोकावर धरा आणि दोरा ताणा. तो आपोआप ध्रुवाजवळून जाईल. गोलावर दोन बिंदूंना जोडणारी ही सगळ्यात आखूड रेषा म्हणजे बृहद्वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीला बरोबर मधोमध कापणाऱ्या वर्तुळाचा, तुकडा. आता तोच दोरा उचलून विषुववृत्तावर धरा आणि तिथले अंश मोजा. तीस अंशांच्या आसपास भरतील. एका अंशाचे सुमारे १११ किलोमीटर. झालं पहिलं उत्तर, एकही बटण न दाबता. मुलांना शिकवताना इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. सूत्र आधी दिलं की उत्तर येतं, पण पृथ्वी गोल असल्याचा अनुभव येत नाही.

पायरी ३ : ध्रुवावरून जाणारी बेरीज

दोन ठिकाणं ध्रुवाच्या समोरासमोर असतील, म्हणजे रेखांशांतला फरक १८० च्या जवळ असेल, तर एक फार सोपी युक्ती आहे. प्रत्येक विमानतळ ध्रुवापासून किती अंशांवर आहे ते काढा आणि बेरीज करा.

लाँगइयरब्येन : ९० − ७८.२४६ = ११.७५४
उत्किआगविक : ९० − ७१.२८५ = १८.७१५
बेरीज : ३०.४६९ अंश

३०.४६९ ला १११.२ ने गुणलं की ३,३८८ किलोमीटर. अचूक सूत्राने येणारं उत्तर यापेक्षा फक्त ८ किलोमीटर कमी आहे. ही बेरीज तोंडी करता येते आणि ती कधीही खऱ्या अंतरापेक्षा कमी येत नाही. म्हणून कुठल्याही दोन आर्क्टिक विमानतळांसाठी ती ‘याहून जास्त असूच शकत नाही’ अशी वरची मर्यादा म्हणून वापरता येते. संगणकाने यापेक्षा बराच मोठा आकडा दिला तर आकडे भरताना काहीतरी चुकलंय हे लगेच ओळखा.

पायरी ४ : नेमकं अंतर

सूत्र शब्दांत असं : दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनांचा आणि रेखांशफरकाच्या कोसाइनचा गुणाकार. जी बेरीज येईल तिचा उलटा कोसाइन काढला की अंतर अंशांत मिळतं.

साइन : ०.९७९० आणि ०.९४७१. गुणाकार ०.९२७३.
कोसाइन : ०.२०३७ आणि ०.३२०९. रेखांशफरकाचा कोसाइन −०.९९०८. तिघांचा गुणाकार −०.०६४८.
बेरीज : ०.८६२५.
उलटा कोसाइन : ३०.४० अंश.
किलोमीटर : ३०.४० × १११.२ = ३,३८०.

मधले आकडे कॅल्क्युलेटरातच राहू द्या, कागदावर चार दशांशांपर्यंत उतरवून पुन्हा घातले तर शेवटचा अंक हलतो. कॅल्क्युलेटर अंशांच्या मोडमध्ये आहे ना, तेही पाहा. रेडियनमध्ये असला तर भलतंच उत्तर येतं.

वैमानिकांच्या भाषेत उत्तर हवं असेल तर अंशांना ६० ने गुणा. एका अंशात साठ कला आणि अक्षांशाची एक कला म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. त्या हिशेबाने आपलं अंतर १,८२४ सागरी मैल.

एखाद्या अंतर-गणकाने ३,३८० ऐवजी ३,३९० च्या आसपास दाखवलं तर गोंधळू नका. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे, त्यामुळे अक्षांशाचा एक अंश विषुववृत्तापाशी ११०.६ किलोमीटर तर ध्रुवापाशी १११.७ किलोमीटर भरतो. आपण पूर्ण गोल धरून मोजतो, ते चपटेपणा धरून मोजतात. हजारात तीन-चारचा फरक.

या रेषेची एक गोष्ट मला अजून थक्क करते. लाँगइयरब्येनहून निघालेलं विमान जवळजवळ सरळ उत्तरेकडे तोंड करून निघतं, ध्रुवापासून साधारण १११ किलोमीटरांवरून जातं आणि उत्किआगविकला पोचतं तेव्हा त्याचं तोंड जवळजवळ दक्षिणेकडे असतं. मधे त्याने कुठेही वळण घेतलेलं नसतं! वळले ते रेखांश, विमान सरळच गेलं. याच कारणाने ध्रुवाजवळ ‘अमुक दिशा धरून चला’ हे सांगणं निरर्थक होतं. त्यात चुंबकीय उत्तर ध्रुव भौगोलिक ध्रुवापासून वेगळा, शिवाय दरवर्षी सरकणारा. त्याच्या आसपास होकायंत्राची सुई भरवशाची राहत नाही. कॅनडाच्या उत्तर भागात म्हणूनच धावपट्ट्यांचे क्रमांक चुंबकीय उत्तरेवरून न देता खऱ्या उत्तरेवरून देतात आणि क्रमांकापुढे टी हे अक्षर लावतात.

पायरी ५ : जवळच्या गावांसाठी पायथागोरस

ध्रुवाच्या पलीकडचं सोडून एकाच बाजूच्या दोन गावांकडे येऊ. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात रेझोल्यूट बे आणि ग्रीस फिओर्ड ही इनुइट या मूळ रहिवाशांची दोन गावं आहेत. २०२१ च्या जनगणनेत पहिल्यात १८३ माणसं होती, दुसऱ्यात १४४. इनुइट भाषेत रेझोल्यूटला ‘जिथे पहाट होत नाही ती जागा’ अशा अर्थाचं नाव आहे, ग्रीस फिओर्डला ‘जिथलं बर्फ कधी वितळत नाही ती जागा’. ही माणसं तिथे आपणहून गेली नव्हती. १९५३ आणि १९५५ साली कॅनडा सरकारने क्युबेकच्या उत्तरेतून आणि पाँड इनलेटमधून कुटुंबं उचलून इथे आणून वसवली. २०१० साली सरकारने त्याबद्दल माफी मागितली. या गावांमधलं अंतर मोजताना मला हे आठवतं, कारण आज तिथल्या माणसाला इस्पितळात जायचं असलं तरी आधी विमान लागतं.

रेझोल्यूट बे विमानतळ : ७४.७१७ उत्तर, ९४.९६९ पश्चिम.
ग्रीस फिओर्ड विमानतळ : ७६.४२६ उत्तर, ८२.९०९ पश्चिम.

दोन्ही पश्चिमेला, म्हणून वजाबाकी. रेखांशफरक १२.०६, अक्षांशफरक १.७०९. उत्तर-दक्षिण अंतर : १.७०९ × १११.२ = १९० किलोमीटर. पूर्व-पश्चिम अंतरासाठी मधला अक्षांश घ्या, ७५.५७. त्याचा कोसाइन ०.२४९२, म्हणजे तिथे रेखांशाचा एक अंश २७.७ किलोमीटरांचा. १२.०६ ने गुणलं की ३३४. आता काटकोन त्रिकोण : १९० चा वर्ग अधिक ३३४ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ३८४. मोठ्या सूत्राने ३८३ येतात. मुंबई ते गोव्यातलं दाभोळी विमानतळ यांच्यातल्या हवाई अंतरापेक्षा थोडं कमीच.

साधारण पाचशे किलोमीटरांपर्यंत आणि रेखांशफरक लहान असेपर्यंत हा पायथागोरस बिनधास्त वापरा. पण तोच ध्रुवापारच्या जोडीला लावून पाहिला तर लाँगइयरब्येन-उत्किआगविकचं उत्तर येतं ५,०९० किलोमीटर. दीडपट. सपाट नकाशा मनात धरून मोजलं की काय होतं ते या एका आकड्यात दिसतं.

पायरी ६ : किलोमीटरांवरून तास

हवेतला वेळ म्हणजे अंतर भागिले वेग, अधिक धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांचा वेळ. जेट विमानासाठी मी अर्धा तास धरतो, लहान विमानासाठी दहा मिनिटं. वेग असे धरा : बोइंग ७३७ जातीचं जेट ताशी ८३०, एटीआरसारखं पंख्याचं विमान ताशी ५००, लहान विमानांत डॉर्नियर २२८ ताशी ४००, ट्विन ऑटर ताशी २७०.

नव्या माणसाने आधी माहीत असलेल्या मार्गावर हे पडताळून पाहावं. लाँगइयरब्येन ते नॉर्वेच्या उत्तरेतलं ट्रॉम्सो ९५७ किलोमीटर. भागिले ८३० म्हणजे एक तास नऊ मिनिटं, अधिक अर्धा तास. एक तास चाळीस मिनिटं, वेळापत्रकातही साधारण तेवढीच असतात. अलास्कातल्याच अँकरेज शहरापासून उत्किआगविक १,१६३ किलोमीटर, म्हणजे दोन तासांना पाच-सहा मिनिटं कमी. हेही जुळतं.

मग आपली काल्पनिक फेरी : ३,३८० भागिले ८३०, चार तास पाच मिनिटं. अर्धा तास मिळवून चार तास पस्तीस मिनिटं. समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर साधारण ३५ मिनिटं वाढतात, पाठीमागून असेल तर सुमारे २५ वाचतात. दोन्हींची सरासरी काढून वारा ‘फिटला’ असं समजू नका. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, म्हणून तोटा नेहमी फायद्यापेक्षा मोठा.

हा मार्ग कुणीच उडालं नाही असं मात्र नाही. एप्रिल १९२८ मध्ये शोधप्रवासी ह्यूबर्ट विल्किन्स आणि वैमानिक कार्ल बेन आयल्सन हे दोघे लॉकहीड व्हेगा या एका इंजिनाच्या लाकडी विमानातून पॉइंट बॅरोहून, म्हणजे आजच्या उत्किआगविकजवळून, निघाले आणि स्वालबार्डला पोचले. सुमारे ३,५४० किलोमीटर, वीस तास वीस मिनिटं. भागून पाहा, ताशी १७४ किलोमीटर पडतात. सरळ रेषेपेक्षा त्यांचा रस्ता दीडशेएक किलोमीटर लांब होता, कारण ते ध्रुवावरून न जाता बाजूने, कॅनडा-ग्रीनलंडच्या अंगाने गेले होते. स्वालबार्डजवळ वादळाने गाठलं, तेव्हा त्यांनी एका निर्जन बेटावर विमान उतरवलं आणि पाच दिवस तिथेच काढले. हवेत वीस तास आणि जमिनीवर हवा निवळण्याची वाट पाहत पाच दिवस. आर्क्टिकमधल्या प्रवासाचं हे प्रमाण आजही फार बदललेलं नाही.

ट्विन ऑटरचा हिशेब : रेझोल्यूट ते ग्रीस फिओर्ड ३८३ भागिले २७०, एक तास पंचवीस मिनिटं, अधिक दहा. एक तास पस्तीस मिनिटं. याहून वेगवान विमान का वापरत नाहीत असा प्रश्न साहजिक आहे. ग्रीस फिओर्डची धावपट्टी खडीची आहे, सहाशे मीटरपेक्षाही आखूड, आणि आजूबाजूला डोंगर. तिथे उतरू शकणारी विमानंच मोजकी. म्हणजे वेग ठरवताना अंतर पाहायचं नसतं, आधी दोन्ही टोकांच्या धावपट्ट्या पाहायच्या. जी धावपट्टी आखूड, तिच्यावर उतरू शकेल तेच विमान आणि त्याचाच वेग.

पायरी ७ : दोन गावं, दोन घड्याळं

तिकिटावर सुटण्याची आणि पोचण्याची वेळ त्या त्या गावची असते. रेझोल्यूट मध्य प्रमाणवेळेवर चालतं, ग्रीस फिओर्ड पूर्व प्रमाणवेळेवर, एक तास पुढे. सकाळी १० ला रेझोल्यूटहून निघालेलं विमान ग्रीस फिओर्डच्या घड्याळात १२.३५ ला उतरेल, म्हणजे अडीच तास लागल्यासारखं दिसेल. परतताना दुपारी १.३० ला निघालेलं विमान रेझोल्यूटच्या घड्याळात २.०५ ला पोचेल, अवघ्या पस्तीस मिनिटांत. तेच विमान, तेच अंतर. फक्त वेळापत्रकातल्या दोन आकड्यांची वजाबाकी करून उड्डाणाचा वेळ काढणारे इथे हमखास फसतात. आधी दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेत आणा, मग वजाबाकी करा.

ध्रुवापारच्या जोडीत हे टोकाला जातं. लाँगइयरब्येनचं घड्याळ उत्किआगविकपेक्षा दहा तास पुढे असतं. दुपारी १२ ला निघालेलं आपलं काल्पनिक विमान त्याच दिवशी सकाळी ६.३५ ला उतरलं असतं.

पायरी ८ : प्रत्यक्ष जायचं असेल तर

लाँगइयरब्येन ते उत्किआगविक अशी थेट प्रवासी सेवा नाही. ध्रुवाच्या दोन बाजूंची ही गावं आपापल्या देशाच्या दक्षिणेकडे बांधलेली आहेत. रस्त्यांची जाळी असावीत तसे विमानमार्ग इथे नसतात. इथे एकेक लांब दोरी आहे आणि ती ऑस्लोला, अँकरेजला किंवा ओटावाला जाऊन मिळते. म्हणून शेजारच्या माणसाकडे जायलाही आधी दोरीने खाली उतरायचं आणि दुसऱ्या दोरीने वर चढायचं.

टप्पे मांडू. लाँगइयरब्येन ते ऑस्लो २,०१० किलोमीटर. ऑस्लोहून युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळामार्गे सिॲटल, सरळ धरलं तरी ७,३३० किलोमीटर. सिॲटल ते अँकरेज २,३३०. अँकरेज ते उत्किआगविक १,१६०. बेरीज १२,८०० किलोमीटरांच्या पुढे, म्हणजे सरळ अंतराच्या पावणेचार पट. नुसता हवेतला वेळच सतरा-अठरा तास. त्यात विमानं बदलण्याचे तास आणि एक-दोन रात्रीचे मुक्काम मिळवा.

असा प्रवास आखताना मी चार प्रश्न याच क्रमाने विचारतो. पहिला, विमान आठवड्यातून किती वेळा आहे? रोज असेल तर चुकलेलं विमान म्हणजे एक दिवस, आठवड्यातून दोनदा असेल तर तीन-चार दिवस. दुसरा, सगळे टप्पे एकाच तिकिटावर आहेत का? वेगवेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान धुक्यामुळे थांबलं, तर पुढचं तिकीट बुडतं आणि जबाबदारी कुणीच घेत नाही. स्वस्त पडतं म्हणून तुकड्यातुकड्यांनी तिकिटं काढायची सवय असेल तर ती इथे सोडा. तिसरा, त्या महिन्यात हवा कशी असते? उन्हाळ्यात बर्फ फुटून पाणी उघडं पडलं की धुकं बसतं, हिवाळ्यात जमिनीलगत उडणाऱ्या बर्फाने धावपट्टी दिसेनाशी होते. लाँगइयरब्येनला ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. चौथा, सामानाचं वजन. लहान विमानात किलोकिलोचा हिशेब होतो आणि जास्तीचं सामान मागे राहू शकतं. औषधं, चष्मा, गरम कपड्यांचा एक जोड अंगावर किंवा हातातल्या पिशवीत असू द्या.

जाताना एक आणि येताना दोन असे मोकळे दिवस ठेवा, असा माझा सल्ला. येताना जास्त, कारण परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाची तारीख सरकवणं सगळ्यात महाग पडतं.

आपल्या पासपोर्टधारकांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. स्वालबार्डला जायला स्वतंत्र व्हिसा लागत नाही. १९२० च्या स्वालबार्ड करारावर सह्या करणाऱ्यांत तेव्हाचा ब्रिटिश अमलाखालचा भारतही होता. पण तिथे पोचायची विमानं नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून जातात आणि ती शेंगेन या युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात येते, स्वालबार्ड येत नाही. म्हणजे लाँगइयरब्येनला जाताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि परतताना पुन्हा आत शिरता. म्हणून शेंगेन व्हिसा दोन किंवा अधिक प्रवेशांचाच काढा. एका प्रवेशाच्या व्हिसावर गेलात तर परतीची वाट बंद होते. ट्रॉम्सो आणि ऑस्लोला यासाठी पासपोर्ट तपासणीची रांग असते, विमान बदलण्याच्या वेळात तीही धरा.

सरावासाठी एक जोडी

गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. त्यांचं आर्क्टिकमधलं ‘हिमाद्री’ हे ठाणं २००८ पासून स्वालबार्डवरच्या नी-ऑलेसुंद या वस्तीत चालतं. गोव्याहून निघालेले आपले संशोधक शेवटचा टप्पा लाँगइयरब्येनहून लहान विमानाने करतात. ही विमानं संशोधकांसाठी आणि तिथे काम करणाऱ्यांसाठी असतात, त्यात जागा त्या वस्तीची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीमार्फतच मिळते.

नी-ऑलेसुंद विमानतळ ७८.९२८ उत्तर, ११.८७४ पूर्व. लाँगइयरब्येनचे आकडे वर दिले आहेत. पायथागोरसने अंतर काढा, मग ताशी ४०० चा वेग धरून वेळ.

पडताळणीसाठी उत्तर : उत्तर-दक्षिण ७६ किलोमीटर, पूर्व-पश्चिम ७९, एकूण सुमारे ११०. हवेत साडेसोळा मिनिटं, वरची दहा मिळवली की सव्वीस-सत्तावीस. उतरल्यावर फोन फ्लाइट मोडमध्येच ठेवायचा, कारण तिथली वेधशाळा क्वेसार नावाच्या अतिदूरच्या, तेजस्वी आकाशस्थ वस्तूंकडून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी टिपते आणि वस्तीच्या भोवती वीस किलोमीटरांपर्यंत वायफाय-ब्लूटूथला मनाई आहे.